दिवसाच्या आठ वाट्या

शैला,

मी तुझ्यावर रागावलेलो आहे, हे आधीच सांगून टाकतो. तेराव्याला आलेल्या माणसांपुढे ते बोलता आलं नाही. जो येत होता तो म्हणत होता की साहेबांनी फार केलं, बायकोची अशी सेवा कुणी करत नाही. मी हात जोडून ऐकत होतो. आपल्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये गोष्टी कशा पसरतात हे तुला ठाऊक आहे. गेल्या दोन वर्षांत मी बरखेड्यातला आदर्श नवरा झालो होतो. त्या आदर्श नवऱ्याला त्यातले तीन महिने काहीच माहीत नव्हतं, आणि जे त्याला माहीत नव्हतं ते शेजारच्या तिवारी भाभींना माहीत होतं, हे त्या माणसांना कोण सांगणार?

मृणाल परवा पुण्याला परत गेली. बाबा, चल, म्हणत होती. मी म्हटलं, अजून दीड वर्ष नोकरी आहे, नंतर बघू. खरं म्हणजे मला इथेच बसून तुझ्याशी भांडायचं होतं. आपलं भांडण अर्धवट राहिलंय. तू "नंतर बोलू" म्हणालीस आणि नंतर कधी बोलली नाहीस.

पहिल्यापासून सांगतो. तुला आवडायचं नाही माझं हे पहिल्यापासून सांगणं. तुझ्या नागपूरच्या माणसांसमोर मी एखादी हकीकत सांगायला लागलो की तू मधेच शेवट सांगून मोकळी व्हायचीस. आता तुला ऐकावं लागेल.

तुझं जेवण कमी झालं तेव्हा मला वाटलं की तू बारीक व्हायचं मनावर घेतलं आहेस. दोन घास खाल्ले की पोट भरतं म्हणायचीस. पित्त झालंय म्हणून गोळ्या खायचीस. त्या वर्षी मराठी मंडळाच्या नाटकाच्या तालमी चालू होत्या, तू विंगेत बसून सगळ्यांना वाक्यं पुरवत होतीस, आणि तालमीहून आल्यावर न जेवता झोपायचीस. मी एकदाही विचारलं नाही. कारखान्यात माझं कामच तपासणीचं. ओतलेल्या लोखंडात केसाएवढी चीर असली तरी ती सापडल्याशिवाय मी पुढे जाऊ देत नाही. घरात आठ महिने ताटात उरलेली पोळी मला दिसली नाही. हा राग माझा माझ्यावर आहे. तो तुझ्या रागात मिसळणार नाही, याची मी काळजी घेतोय.

जठराचा कॅन्सर निघाल्यावर सर्जनने कागदावर चित्र काढून दाखवलं होतं. पूर्ण जठर काढायचं आणि अन्ननलिका सरळ आतड्याला जोडायची. मी विचारत होतो की किती तास लागतील, किती दिवस राहावं लागेल. तू एकच प्रश्न विचारलास, "मग भूक कुठे लागणार?" ते हसले नाहीत. म्हणाले, भूक पहिल्यासारखी लागणार नाही, घड्याळ बघून खावं लागेल. दिवसातून आठ वेळा, थोडं थोडं. जेवताना पाणी नाही. गोड तर जवळजवळ नाहीच, कारण ते थेट आतड्यात उतरलं की छाती धडधडणार, घाम फुटणार, आडवं पडावं लागणार. बाहेर आल्यावर तू म्हणालीस, "म्हणजे आता तुमची चैन. घड्याळाचं काम तुम्हालाच आवडतं."

खरंच माझी चैन झाली. हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही.

ऑपरेशननंतर मी लांबलचक रजा टाकली. पहिले काही आठवडे तुझ्या पोटाच्या डाव्या बाजूला नळी होती. सिरिंजने पातळ अन्न हळूहळू आत सोडायचं, मग कोमट पाण्याने नळी धुवायची. नर्सने मला दोनदा दाखवलं आणि तिसऱ्यांदा माझ्याकडून करून घेतलं. माझे हात थरथरत नव्हते, याचं तिला कौतुक वाटलं. नळी निघाल्यावर वाट्या सुरू झाल्या. मी फ्रिजवर तक्ता लावला. सकाळी साडेसहाला पेज. आठला सातू. दहाला मुगाचं कढण. असं रात्री नऊपर्यंत. ज्या माणसाला तीस वर्षांत कुकरची शिट्टी लावता आली नव्हती, तो दलिया किती वेळ भाजायचा यावर भाभींशी वाद घालायला लागला.

एका वाटीला तुला वीस-पंचवीस मिनिटं लागायची. घास बारीक चावायचा, थांबायचं, पुन्हा घ्यायचा. त्या वेळात मी समोर बसून असायचो. दुसरं काय करणार? मग तू बोलायचीस. लग्न होऊन इथे आलीस तेव्हा पहिले सहा महिने रोज दुपारी रडायचीस, हे मला त्या दिवसांत कळलं. मला वाटायचं की तू दुपारी झोपतेस. फॅक्टरीचा भोंगा झाला की तू तोंड धुऊन चहा टाकायचीस, कारण पंधरा मिनिटांत मी सायकलवरून घरी. माझ्या आईने तुला पहिल्या वर्षी काय म्हटलं होतं तेही तू सांगितलंस, आणि मग म्हणालीस, आता त्या गेल्या, राग नाही, फक्त तुम्हाला माहीत असावं. इतक्या वर्षांत आपण इतकं बोललो नव्हतो. मी ड्युटीवर असायचो, तू मंडळात, मृणालच्या मागे. तू एवढी आजारी होतीस, तुझं वजन लहान मुलीएवढं झालं होतं, आणि मी सकाळी उठल्यावर पहिल्या वाटीची वाट बघायचो. संध्याकाळी तुला हाताला धरून कडुनिंबाच्या रांगेच्या टोकापर्यंत न्यायचो. येणारे जाणारे विचारायचे, "अब कैसी हैं मैडम?" आणि उत्तर मी द्यायचो. ते माझे चांगले दिवस होते. असं म्हणताना लाज वाटते, तरी म्हणतो.

खोटं मी आधी बोललो, हेही लिहायला हवं. नाहीतर तू वरून मधेच बोलशील.

डॉक्टर म्हणाले होते, प्रथिनं कमी पडतायत, अंडं द्या. तू म्हणालीस की जन्मात खाल्लं नाही, आता मरायच्या भीतीने खाणार नाही. मी हो म्हटलं. मग इंद्रपुरीच्या बाजारातून अंडी आणायला लागलो, आणि त्यांचा पांढरा भाग घोटून कढणात घालायला लागलो. वरून हिंग आणि लिंबू. तीन आठवडे तू ते खाल्लंस. वजन दीड किलो वाढलं, मी खूश. मग एक दिवस तू मागच्या अंगणात पेरूच्या झाडाखाली मी पुरलेली टरफलं बघितलीस. पावसाने माती वाहून गेली होती. दोन दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी म्हणालीस, "औषध म्हणून सांगितलं असतंत तर कदाचित खाल्लंही असतं. मला विचारायची तुम्हाला गरजच वाटली नाही." मी म्हटलं, तू नाहीच म्हणाली असतीस. तू म्हणालीस, "मग नाही म्हणाले असते."

त्या वेळी मला वाटलं की हा अंड्यांचा विषय आहे.

दीड वर्ष बरं गेलं. तू पुन्हा मंडळात जायला लागलीस. मी ड्युटीवर रुजू झालो. सकाळच्या तीन वाट्या मी करून ठेवायचो, दुपारच्या तू स्वतः किंवा भाभी, संध्याकाळच्या मी. मग ती सहामाही तपासणी आली. त्याच दिवशी बाहेरून ग्राहकाची माणसं आमचा तयार झालेला रोटर बघायला यायची होती आणि शेवटची सही माझी होती. मी म्हटलं, तारीख बदलू. तू म्हणालीस, कशाला, भाभी येतायत. संध्याकाळी मी घरात शिरलो तेव्हा तू भाजी निवडत होतीस. मी विचारलं. मान वर न करता तू म्हणालीस, "स्वच्छ आहे. सहा महिन्यांनी या म्हणाले."

रिपोर्ट कुठे आहे, असं मी विचारलं. फाइल तिथेच ठेवून घेतली, म्हणालीस. शैला, नोकरीत कागद बघितल्याशिवाय मी कशावरही सही केली नाही. मोठमोठ्या साहेबांना दारातून परत पाठवलंय. तुझ्या शब्दावर मात्र मी दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन गेलो. कारखान्यात आमच्या शॉपमध्ये प्रत्येकाच्या हातावर ठेवले. लोकांनी मला मिठ्या मारल्या.

त्यानंतरच्या तीन महिन्यांबद्दल मला तुझ्याशी बोलायचंय.

तुझं वजन उतरायला लागलं. स्कॅन स्वच्छ आहे म्हटल्यावर माझ्या डोक्यात एकच कारण उरलं, तू नीट खात नाहीस. मी वजनाचा काटा आणला. रोज सकाळी तुला त्यावर उभं करायला लागलो. दुपारी कारखान्यातून फोन करून विचारायचो, दोनची वाटी झाली का. तू हो म्हणायचीस. मी भाभींना विचारायचो, त्याही हो म्हणायच्या. एकदा अचानक घरी आलो तर दोनची वाटी झाकून तशीच होती आणि तू घरात नव्हतीस, भाभींकडे होतीस. मी त्यांच्या दारात उभा राहून तुला हाक मारली. त्यांच्या सुनेसमोर तुला बोललो. निष्काळजी म्हणालो. तू चप्पल घातलीस आणि माझ्या मागून घरी आलीस, शाळेतल्या मुलीसारखी.

आणि तो रविवार. दुपारचे बारा असतील. मी मऊ खिचडी केली होती. दोन घास घेऊन तू वाटी बाजूला सारलीस. मी वाटी पुन्हा तुझ्या हातात दिली. तू पुन्हा सारलीस. मग मी जे बोललो ते तुला आठवत असेल. मी म्हणालो, "तुला जगायचंच नाही का? की मी एकट्याने हे ओढत राहायचं?"

तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, आता भांडेल. तू हात पुढे केलास आणि म्हणालीस, "आणा. खाते."

सगळी वाटी संपवलीस. घाम तुझ्या कानामागून वाहत होता, डाव्या हाताने तू पलंगाची कड धरून ठेवली होतीस. मी ती वाटी उचलून घासली आणि मनात म्हटलं, जमलं. थोडं कडक बोलावं लागतं. तक्त्यावर बरोबरची खूण केली.

ती खिचडी खाताना तुला सगळं माहीत होतं. मी काय बोलतोय याचा अर्थ मला कळत नव्हता, तुला कळत होता. एक शब्द पुरला असता. तू मला थांबवू शकत होतीस, शैला. तू मला इतकं क्रूर होऊ दिलंस आणि वर खिचडी संपवलीस. याबद्दल मी तुला काय म्हणू?

पोट फुगायला लागलं तेव्हा मीच तुला रुग्णालयात नेलं. एक तरुण डॉक्टर फाइल उलटत होता. तो म्हणाला, "ये तो तीन महीने पहले के स्कैन में ही आ गया था. मैडम को बताया था, कीमो के लिए इन्होंने ही मना किया. आपको मालूम नहीं?" त्याचा आवाज शेवटच्या शब्दाला बारीक झाला. मी तुझ्याकडे बघितलं. तू सलाइनच्या बाटलीकडे बघत होतीस.

आपण घरी परत आलो. दोन दिवस मी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तू खिडकीजवळच्या दिवाणावर होतीस, मी खुर्ची ओढून बसलो आणि विचारलं, का.

"सांगितलं असतं तर काय केलं असतंत?" तू म्हणालीस.

"मुंबईला नेलं असतं. केमो दिली असती. जे असेल ते केलं असतं."

"म्हणूनच."

"म्हणूनच काय?"

"मला नको होतं ते. आणि तुमचं उत्तर मला पाठ होतं."

मी म्हटलं, हा निर्णय तुझ्या एकटीचा नव्हता. मी दोन वर्षं यात आहे, मृणाल आहे. तू म्हणालीस, "पोट माझं होतं. तेही काढून झालं." मग डोळे मिटलेस आणि म्हणालीस, "दमले. नंतर बोलू."

पाच आठवडे तू होतीस. पोटातलं पाणी काढायला नर्स यायची, तेव्हा मी भांडं धरायचो. वाट्या बंद झाल्या होत्या, कारण डॉक्टरच म्हणाले, मागतील ते द्या. तू काही मागत नव्हतीस. बर्फाचा खडा चोखायचीस. आपण मृणालच्या लहानपणाबद्दल बोललो, मंडळाबद्दल बोललो, निवृत्तीनंतर इथेच बाग सेवनियाकडे घर घ्यायचं की नागपूरला जायचं हेसुद्धा बोललो, जसं काही तो प्रश्न दोघांचा उरला होता. मी दोनदा मूळ विषय काढला. दोनदा तू डोळे मिटलेस. तिसऱ्यांदा काढायची हिंमत झाली नाही, कारण तू डोळे मिटलेस की मला भीती वाटायला लागली होती. मग एक दिवस सकाळी, मृणाल तुझे केस विंचरत असताना, तू गेलीस. मी स्वयंपाकघरात होतो.

काल भाभी आल्या. तेराव्यापासून मी त्यांच्याशी बोललो नव्हतो. मागच्या अंगणातून आत यायचा रस्ता त्यांना तीस वर्षं माहीत, पण काल त्या पुढच्या दाराने आल्या आणि बेल वाजवली. बसा म्हटलं तरी उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, "भाईसाहब, आप हमसे नाराज़ हैं, होना भी चाहिए." मी नाही म्हटलं नाही.

मग त्यांनी सांगितलं. त्या तीन महिन्यांत तू दुपारी त्यांच्याकडे जायचीस आणि खायचीस. पोहे-जलेबी मागवायचीस. एकदा कचोरी. तळहाताएवढी जलेबी निम्मी खायचीस, मग त्यांच्या दिवाणावर आडवी पडायचीस. घाम यायचा, छाती धडधडायची, अर्धा तास तू डोळे मिटून पडून राहायचीस आणि त्या पंख्याने वारा घालायच्या. नको खाऊ म्हणाल्या तर म्हणायचीस, आठ वाट्या ह्यांच्या, ही एक माझी. बरं वाटलं की तोंड धुऊन घरी यायचीस, माझ्या येण्याच्या आत.

मी विचारलं, मला सांगायला तुम्ही तिला एकदाही म्हणाला नाहीत?

"रोज़ कहते थे," त्या म्हणाल्या. "वो कहती थीं, बता दिया तो इनके हाथ से कटोरी छूट जाएगी. फिर ये दिन भर क्या करेंगे."

एवढं सांगून भाभी रडायला लागल्या. मला रडू आलं नाही. मी त्यांना पाणी आणून दिलं, दारापर्यंत सोडलं, आणि आत येऊन खुर्चीवर बसलो.

म्हणजे तू माझ्यासाठी खात होतीस. मला काम मिळावं म्हणून. मी कारखान्यातून धावत यायचो, वाटी पुढे करायचो, आणि तू वेळापत्रक पाळायचीस, कारण माझं काय होईल याची तुला काळजी. भाभींना वाटलं की हे ऐकून माझा राग जाईल. बाईमाणसाला यात प्रेम दिसत असेल. मलाही दिसतं, मी आंधळा नाही. पण मी काय लहान मूल होतो का, हातात खेळणं देऊन गप्प बसवायला? ते तीन महिने माझेही होते. मला सुट्टी काढून तुझ्याजवळ बसायचं होतं. काटा फेकून दिला असता. ती अर्धी जलेबी मीच आणली असती, मीच वारा घातला असता.

असं मी काल रात्रीपर्यंत म्हणत होतो. आज सकाळपासून ते खोटं वाटायला लागलंय.

मी जलेबी आणली नसती. तुला मी ओळखत नसेन, पण मला मी ओळखतो. तू सांगितलं असतंस त्याच दिवशी मी मुंबईची तिकिटं काढली असती. तू नको म्हणाली असतीस तर मृणालला फोनवर घेतलं असतं, तुझ्या भावाला बोलावलं असतं, तुझ्या पाया पडलो असतो. तुझे ते तीन महिने मी कुठल्या तरी वॉर्डात घालवले असते आणि त्याला लढणं म्हटलं असतं. आजही कुणी विचारलं तर मी तेच करीन म्हणेन. तुझं माझ्याबद्दलचं म्हणणं बरोबर होतं. तेच मला सोसत नाही.

तुझ्यामुळे मी पेज करायला शिकलो, माझ्या बायकोची इथली पहिली वर्षं मला कळली, हे सगळं मान्य. त्यासाठी तुझे उपकार आहेत. पण माफ केलंय असं समजू नकोस. मी अजून तिथेच आहे, त्या दिवाणाशेजारच्या खुर्चीवर.

विचारलं असतंस तर मी नाही म्हणालो असतो. तरी विचारायला हवं होतंस, शैला.